बासष्ट घरं, एक खिळा

२९ जुलै

ताई,

नमस्कार. पूर्ण वाकून केलाय असं समज. खरं तर दुकानाच्या काउंटरवर वाकून बसलोय, त्यातच तो उरकला.

तीस वर्षं टपालाच्या खिडकीमागे काढलेल्या बहिणीला ज्या भावाने कधी चार ओळी टाकल्या नाहीत, तो आज पाकीट चिकटवतोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलं असशील. बिनसलंय. आणि यातलं एक अक्षरही फोनवर बोलू नकोस. का ते सांगतो.

तू अजून लोकांना सांगतेस, भाऊ टीव्ही दुरुस्त करतो. टीव्ही आता कोणी दुरुस्त करत नाही. बिघडला की माणसं मनातून खूश होतात आणि नवा आणतात. मी गेली सहा वर्षं काय करतो ते एकदा नीट ऐक. माणसाच्या घरात सात रिमोट असतात आणि हवा तेव्हा एकही सापडत नाही. ते सातही मी एका रिमोटमध्ये बसवून देतो. टीव्ही, साउंडबार, एसी, दिवे, पडदे आणि ज्यांच्या घराला फाटक आहे त्यांचं फाटक. रिमोटबरोबर एक काळी डबी येते, ती घरच्या वायफायला जोडायची. मग कंपनीच्या साइटवर खातं उघडायचं, घरात काय काय आहे ते त्यात भरायचं, कुठलं बटण दाबलं की काय व्हावं ते लिहायचं. गिऱ्हाइकाची अडचण काय, तेही मी तिथेच टिपून ठेवतो. मी इथे लिहिलं की पाच मिनिटांत तिथल्या डबीला कळतं. मला खुर्चीवरून उठावं लागत नाही. ही न उठण्याची चैन आता अंगाशी आली आहे.

काल एका प्राध्यापकांकडे गेलो होतो. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, त्यामुळे कशावरच विश्वास नाही. त्यांनी माझ्या सॉफ्टवेअरला आपलं मशीन लावलं, पाच मिनिटं पाहिलं आणि चष्मा काढला.

"तुमचं सॉफ्टवेअर पासवर्ड कसा पाठवतं, माहीत आहे?"

"कुलूप लावून पाठवत असेल."

"उघड्या पोस्टकार्डावर पाठवतं. वाटेत बसलेल्या कोणालाही वाचता येतो. कंपनीने दोन वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर वाऱ्यावर सोडलंय. या खात्यात माझं एकट्याचंच घर आहे ना?"

मी पाणी मागितलं.

ताई, त्या खात्यात बासष्ट घरं आहेत. प्रत्येकाचं वेगळं खातं उघडायचं तर पाच पानी फॉर्म, वेगळा ईमेल, वेगळा पासवर्ड. गिऱ्हाईक तो विसरणार आणि मी घास तोंडात घातला की फोन करणार. भाऊजींच्या दुकानात सगळ्या किल्ल्या एकाच खिळ्यावर टांगलेल्या असायच्या, आठवतं? त्यांच्याकडे शिकलो, तेच केलं. एक खातं, एक पासवर्ड, बासष्ट घरं. तोच पासवर्ड माझ्या फोनला, तोच ईमेलला. पासवर्ड काय ते इथे लिहीत नाही. भाऊजी मला ज्या नावाने हाक मारायचे ते नाव आणि जुन्या दुकानाचा फोन नंबर, एवढंच सांगतो.

आणि आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात वकीलसाहेबांचा फोन आला. "टीव्ही लावला की आवाज चित्राच्या मागून यायचा, आता बरोबर येतो. तुम्ही न सांगता दुरुस्ती केलीत, समाधान वाटलं." मी म्हटलं, "करावं लागतं, साहेब."

मी काहीही केलं नव्हतं.

साइट फक्त बदल केव्हा झाला ते दाखवते, कोणी केला ते नाही. त्यांच्या घरातला शेवटचा बदल एका गुरुवारी दुपारी साडेबाराला झालाय. त्या वेळी मी शिडीवर होतो.

भाऊजींना मी पाठवलेला रिमोट जमतो का? येऊन बघायचं मनात आहे. पण हे निस्तरल्याशिवाय पाऊल निघत नाही.

तुझा भाऊ,
पक्कड


२ ऑगस्ट

पक्कडराव,

पत्र मिळालं. तिकीट चार आण्याच्या वजनाला रुपयाचं लावलं आहेस. भीतीने माणूस उदार होतो हे माहीत नव्हतं.

पासवर्ड लिहीत नाही म्हणालास आणि पुढच्याच ओळीत सांगून मोकळा झालास. शिवाय तो मला माहीत आहे. रिमोट कुरियरने पाठवलास तेव्हा तूच फोनवर घडाघडा सांगितलास आणि मी तो खोक्याच्या झाकणावर लिहिला. झाकण कुठे आहे विचारू नकोस, घरातच असेल.

तू त्या बासष्ट जणांना सांगितलंस का? पत्र दोनदा वाचलं, ती ओळ सापडली नाही. आमच्या खात्यात एखादी थैली फुटली तर ज्यांची पत्रं आहेत त्यांना आधी कळवायचं, मग थैली का फुटली ते शोधायचं, असा नियम आहे. तू आधी थैली शिवत बसला आहेस.

इकडचं म्हणशील तर ठीक. पक्षाघाताला दीड वर्ष झालं, तुझ्या भाऊजींचा उजवा हात हलत नाही तो नाहीच, पाय ओढत चालतात. वाचा दोन शब्दांवर अडली आहे, "हो" आणि "अरे". यातला "अरे" ते सतरा तऱ्हांनी म्हणतात आणि मला सगळे कळतात. डाव्या हाताने लिहायचा सराव करतात. मी कामावर असते तेव्हा खिडकीशी बसतात. दुपारी शेजारीण डोकावते. मंगळवारी मी रजा टाकते, व्यायामाला दवाखान्यात नेते, सकाळी निघतो ते दिवेलागणीला परततो. बाकी पडले-बिडले नाहीत, काळजी नको.

हो, एक राहिलं. त्यांच्या खोलीतल्या दिव्याचं केलंस ते फार बरं केलंस. पूर्वी टीव्ही बंद केला की दिवाही त्याच क्षणी जायचा आणि माणूस खुर्चीत अंधारात. आता दोन मिनिटं राहतो, तेवढ्यात ते पलंगापर्यंत पोचतात. लांबून का होईना, तुला सुचलं.

लांबून तुला पुष्कळ सुचतं. दवाखान्यात आला होतास तेव्हा दारापर्यंत आलास, त्यांचा हात बघितलास आणि गाडी चुकेल म्हणून निघालास. गाडी सहाची होती. तू सव्वातीनला निघालास. मग महिन्याभराने रिमोट आला. मी काही बोलले नाही. आता बोलते आहे, कारण तूच पत्र लिहायला लावलंस आणि कागद उरला आहे.

ताई


७ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि दुकानाचं शटर दिवसाढवळ्या अर्धं ओढून घेतलं.

दिव्याचं मी काहीही केलेलं नाही.

म्हणजे तो तुझ्या घरातही आला आहे. घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण माझंच अक्षर बघ.

मी दोन दिवस बसून बासष्ट घरं तपासली. बारा ठिकाणी बदल आहेत. वकीलसाहेबांचा सांगितलाच. निवृत्त बँक मॅनेजरांना कमी ऐकू येतं, त्यांना आवाजाचं बटण नऊदा दाबावं लागायचं, आता तीनदा. एक शिक्षिका एकट्याच राहतात, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांच्याकडेही टीव्ही बंद झाल्यावर दिवा दोन मिनिटं थांबतो. एका घरात एसी आणि पडदा एकाच बटणावर लागले होते, चूक माझी होती, ती सुधारली आहे. प्राध्यापकांना दाखवलं तर ते म्हणाले, "चोर तुमच्यापेक्षा हुशार दिसतो." त्यांना हे विनोदाने म्हणायचं होतं असं मी धरून चाललोय.

वेळा बघ. सगळे बदल सकाळी अकरा ते दुपारी चारच्या आत. रविवारी एकही नाही. म्हणजे पगारी चोर आहे. मध्ये जेवायची सुट्टीसुद्धा घेतो.

बारावा बदल मात्र मला आवडलेला नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, फाटकाच्या घरात एकट्या राहतात. त्यांच्या रिमोटवर मी "बाहेरगावी" नावाचं बटण करून दिलं होतं. ते दाबून गेलं की संध्याकाळी फाटकाचा दिवा लागतो, तासाभराने आतला, मग तो विझतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं घरात माणूस आहे. या महिन्यात त्या दहा दिवस जाणार आहेत, एकवीस तारखेच्या शुक्रवारपासून. त्या तारखा मीच खात्यात भरून ठेवल्या. चार तारखेला, मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्या बटणातून फाटकाचा दिवा काढला गेला. बाकी काही नाही. फक्त तेवढा दिवा.

काल मी पासवर्ड बदलला. शेवटी एक आकडा वाढवला. प्राध्यापकांना सांगितलं तर त्यांनी पुन्हा चष्मा काढला. म्हणाले, "पोस्टकार्डावरचा मजकूर बदललात, पोस्टकार्ड तेच."

सांगायचं कसं, ते तूच सांग. चिठ्ठी पाच वेळा लिहिली. "आपल्या सेवेत किंचित अडचण" असं लिहिलं तर खोटं. "तुमच्या फाटकाची किल्ली मी चव्हाट्यावर टांगली होती" असं लिहिलं तर खरं, पण दुकान बंद. सहा वर्षं या माणसांनी मला चपला घालून थेट बेडरूमपर्यंत येऊ दिलंय. ते हातातल्या सामानाकडे बघत नाहीत, चेहऱ्याकडे बघतात. तोच गेला तर माझ्याकडे एक पक्कडच उरते.

सोमवारपासून एकेकाकडे जाईन म्हणतो.

पक्कड


१२ ऑगस्ट

पक्कड,

सोमवारी मी तुला फोन केला. "चोर सापडला" एवढं म्हणाले तर "पत्रात लिही" म्हणून ठेवून दिलास. मग दोन दिवस घरात धुसफुस, त्यातून आज वेळ मिळाला. ठीक आहे, पत्रात लिहिते.

गेल्या गुरुवारपासून इथे वेगळाच उपद्रव. जेवणाचं ताट बाजूला सारायचं, व्यायामाच्या बाईकडे पाठ फिरवायची, आणि दर पाच मिनिटांनी "अरे". हा अठरावा अरे होता, मला कळेना. मी धसकले. डोक्यात पुन्हा काही झालं की काय म्हणून सोमवारी अर्ध्या दिवसाने घरी आले.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, खिडकीशी बसतात. खिडकीशी कॉम्प्युटर आहे ते लिहिलं नव्हतं. मी आत आले की ते घाईघाईने पडदा काळा करतात, म्हणून मी समजले होते ते तसलं काही बघतात. म्हटलं, अर्धं अंग गेलेल्या माणसाला काय बोलायचं. भावाला तर त्याहून काय सांगायचं.

तर सोमवारी मी मागे उभी राहिले तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती, पासवर्ड चुकीचा आहे. ते डाव्या हाताच्या एका बोटाने पुन्हा पुन्हा तेच नाव आणि तोच नंबर दाबत होते. शेजारी खोक्याचं झाकण उभं केलेलं. आणि सरावाची वही. मला वाटायचं ते वहीत अ आ इ गिरवतात. वहीत लिहिलंय: "वकील, आवाज उशिरा, केलं. मॅनेजर, बहिरा, पायऱ्या मोठ्या. बाई, दिवा दोन मि. ठेवला. एसी, पडदा, पक्कडची घाई." शेवटचा शेरा दोनदा अधोरेखित.

तुझा पगारी चोर माझ्या घरात बसतो आणि मीच त्याला जेवायची सुट्टी देते.

मी पुष्कळ बोलले. म्हटलं, तीस वर्षं लोकांची उघडी कार्डं माझ्या हातून गेली. वाचली नाहीत असं म्हणणार नाही, डोळे झाकून शिक्का मारता येत नाही. पण एकाही कार्डात पेन घालून मजकूर सुधारला नाही. तुम्ही परक्याच्या घरातले दिवे हलवता? ते म्हणाले, "हो." मग म्हणाले, "अरे." हा अरे मला ओळखीचा आहे. दुकानात तू काही वाकडं जोडलंस की असाच यायचा.

आता माझ्याही एका खोट्याचं. ते पडले होते. फेब्रुवारीत. टीव्ही बंद केला, दिवा गेला, आणि पलंगाऐवजी टेबलाच्या कोपऱ्यावर. सहा टाके. तुला कळवलं असतं तर तू आणखी एक रिमोट पाठवला असतास, म्हणून कळवलं नाही. त्यानंतर ते स्वतःच त्या साइटवर शोधून तो दिवा थांबवायला शिकले असणार. श्रेय तुला दिलं, ते परत कर.

पासवर्ड बदललास तेव्हापासून जेवण नीट नाही. काय करायचं ते तू बघ.

ताई


१६ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र दुकानात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग शटर पूर्ण वर केलं आणि चहा मागवला. गेल्या वीस दिवसांतला पहिला चहा ज्याला चव होती.

भाऊजी! मला कसं कळलं नाही? पक्कडची घाई. हे दोन शब्द बाकी सगळं गेलं तरी शाबूत आहेत. मी नट खोलायलाही पक्कड लावायचो म्हणून नाव पडलं; आता साठीला आलेला माणूस एका बोटाने माझं काम तपासतोय. खरं सांगू, चहानंतर दिवसभर मी जरा फुगून होतो. इतक्या वर्षांचा कारागीर मी, आणि माझ्या बारा चुका काढल्या. मग मोजलं तर बासष्टात बाराच काढल्या. म्हणजे पन्नास घरं पास.

सोमवारचा दौरा मी रद्द केला. केला म्हणजे सुरूच झाला नव्हता, वकीलसाहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो होतो. आता सांगायचं काय आणि कोणाला? घरातलाच माणूस होता. नातू आजोबांच्या खिशातून चॉकलेट घेतो त्याची कोणी पोलिसांत वर्दी देत नाही. मधल्या काळात हळूहळू एकेकाची खाती वेगळी करीन. घाई नाही. भाऊजींनाच घाई आवडत नाही.

डॉक्टरीणबाईंच्या फाटकाचा दिवा परत जोडणार होतो, पण म्हटलं, भाऊजींनी काढला म्हणजे काही विचार करूनच काढला असेल. फाटकाला दिव्याची गरज नसेल, किंवा रोज ठरल्या वेळी लागणारा दिवा बघून उलट संशय येतो असं काही असेल. त्यांच्या कामावरून हात फिरवायची माझी छाती नाही. राहू दिला. चार तारखेचा तो बदल बघून मी किती घाबरलो होतो, आता हसू येतं.

त्यांना हे पत्र वाचून दाखव. मागचंही दाखव, चोराला आपलं वर्णन ऐकू दे. नवा पासवर्ड म्हणजे जुनाच, शेवटी एक. जेवायला बसव.

पक्कड


१९ ऑगस्ट

पक्कड

डाव्या हाताने. वेळ लागतो.

हिने दोन्ही पत्रं वाचली. बारा म्हणतोस. माझे अकरा. वहीत आहेत. तीनदा मोजले.

डॉक्टरीण मी नाही. चार तारीख मंगळवार. दर मंगळवारी मी दवाखान्यात. दिवसभर.

फाटकाचा दिवा मी काढीन का. अंधारात माणूस पडतो. मी पडलो.

दुसरा कोणी आहे.

शुक्रवारच्या आत जा. फोन नको, स्वतः जा. मग बाकीचे.

खिळा माझा होता. पण दुकानाला दार एकच आणि दारात मी बसायचो. तू कुठे बसला होतास.

(पाकिटाच्या मागे, दुसऱ्या अक्षरात: आत काय आहे मला माहीत नाही, वाचू दिलं नाही, पाकीट तोंडाने चिकटवलं. पहिलं पत्र आहे दीड वर्षातलं, म्हणून जलद टपालात स्वतः घातलं. प्रेमाचंच असणार. जपून ठेव. ताई)


२६ ऑगस्ट

ताई आणि भाऊजी,

दोघांना मिळून एकच पत्र. ताई, तू मोठ्याने वाच. तुला न सांगितलेलं यात आहे, मध्ये थांबू नकोस.

भाऊजींचं पाकीट गुरुवारी दुपारी तीनला आलं. ते प्रेमाचंच होतं, पण जपून ठेवायला वेळ नव्हता. शटर तसंच टाकून निघालो.

डॉक्टरीणबाई एकाच्या तोंडात दिवा धरून बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दात?"

"नाही."

"मग बसा."

बसलो. समोरच्या माणसाचा दात निघेपर्यंत मी काय बोलायचं ते चारदा ठरवलं. आत बोलावलं तेव्हा त्यातलं एकही आठवेना. सरळ सांगितलं. खातं, पासवर्ड, तारखा, दिवा. त्यांनी हातमोजे काढले.

"मी कधी जाणार, कधी येणार, हे सगळं तिथे लिहिलेलं होतं?"

"हो."

"कोणी लिहिलं?"

"मी."

"आणि दिवा निघाला हे तुम्हाला कळलं केव्हा?"

ताई, इथे "आजच" म्हणणं फार सोपं होतं. जिभेवर आलंही. मी म्हटलं, "दोन आठवडे झाले."

त्या बराच वेळ हात धूत होत्या. मग म्हणाल्या, "दोन आठवडे दुखणं अंगावर काढलंत. माझे पेशंट हेच करतात. आधी आले असते तर भरून दिला असता, उशिरा येतात म्हणून उपटावा लागतो. काळी डबी काढा. आत्ता, माझ्यासमोर."

काढली. फाटक रिमोटवरून उतरवून पुन्हा हाताच्या कडीवर आणलं. त्यांनी जाणं पुढे ढकललं. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या फाटकाशी एक गाडी येऊन उभी राहिली. फाटकाचा दिवा लागला होता, आत माणसं बोलत होती. दोन-तीन मिनिटं थांबून गाडी गेली. पत्ता चुकलेली असेल. त्या म्हणाल्या, असेल. मी म्हटलं, असेल. दोघंही बोलताना फाटकाकडेच बघत होतो.

मग बाकीचे. सहा दिवसांत साठ दारं. साठ, कारण एकसष्टावं तुमचं आहे. प्रत्येक दारात तेच वाक्य. पहिली दहा दारं जीभ अडखळली, पुढे सराव झाला, आणि सराव झाला याचीच लाज वाटायला लागली. वकीलसाहेबांनी पाऊण तास कायदा ऐकवला आणि शेवटी विचारलं, "पण आवाज पुन्हा मागून तर येणार नाही ना?" बँक मॅनेजर म्हणाले, "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, पासवर्ड कोणाला देऊ नका. वायफायचा तुम्हाला दिला तेव्हा वाटलं, हा तर टीव्हीवाला." हे ते ओरडून म्हणाले, पण ते सगळंच ओरडून म्हणतात. प्राध्यापकांनी तिसऱ्यांदा चष्मा काढला, पुसला आणि या खेपेला काही न बोलता परत घातला. तेवीस जणांनी रिमोट माझ्या हातात ठेवला आणि दार लावलं. एका घरात मागच्या वर्षी माझ्याच हाताला लागलं तेव्हा हळद लावली होती, तिथेही. मी जिना उतरून खाली आलो तर पायरीवर बसावं लागलं.

बाईंकडे सगळ्यात शेवटी गेलो. धीर होत नव्हता. एकटी बाई, तिच्या झोपायच्या खोलीतला दिवा परका माणूस महिनाभर हलवत होता, हे कसं सांगायचं? सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "डबी न्या. इंटरनेट नको, काही नको. फक्त तो दिवा दोन मिनिटं थांबतो ना, तेवढं काढू नका. ज्याने केलंय त्याला या वयातलं काहीतरी ठाऊक आहे. त्यांना माझा निरोप सांगा." भाऊजी, निरोप पोचवला.

आता कामाचं. कंपनीचं खातं मी बंद केलं. कोण आत शिरला होता ते कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. म्हणजे तो कोण हे मला कधीच कळणार नाही. रस्त्यात कोणी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं की वाटतं, हाच. सवय होईल म्हणतात.

ज्यांनी रिमोट ठेवले त्यांना ते बिनइंटरनेटचे हवेत. त्यासाठीचं जुनं सॉफ्टवेअर, जे केबल लावून चालायचं आणि कोणाला काही कळवायचं नाही, ते आता कुठेच मिळत नाही. ते भाऊजींच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं. ताई, तो कॉम्प्युटर तू विकायला काढला होतास आणि भाऊजींनी विकू दिला नव्हता, तोच. पलंगाखाली असेल.

तर मी येतोय. रविवारी, सकाळच्या गाडीने. पिशवीत पहिले नऊ रिमोट आहेत, प्रत्येकाला घरमालकाच्या हातची चिठ्ठी बांधली आहे, काय हवं आणि काय नको. त्यांना विचारून आणले आहेत. एकेक केबलला लावायचा, भाऊजींनी सांगायचं, मी दाबायचं. मी घाई केली की अरे म्हणायचं.

दवाखान्याच्या दारातून मी गाडीसाठी गेलो नव्हतो हे तुम्हाला दोघांनाही माहीत आहे. ज्या हाताने माझा हात धरून तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकवलं, तो चादरीवर ठेवलेला बघून मला पुढे येता आलं नाही. लांबूनच काही पाठवता येईल असं वाटलं. साठ दारांत उभं राहिल्यावर एकसष्टाव्याची भीती कमी व्हायला हवी होती. झालेली नाही. तरी येतोय.

परतीचं तिकीट काढलेलं नाही.

ताई, तुमच्याकडची बेल अजून बोटानेच वाजते ना? मग दार तू उघडू नकोस. त्यांना उघडू दे. खिडकीपासून दारापर्यंत यायला वेळ लागेल, लागू दे. मी बाहेर उभा राहीन. जिन्यातला दिवा तेवढा चालू ठेव.

पक्कड